तळमजला धरून सात

चहाच्या गाळणीला ऑपरेटरबाई 'ते भोकाभोकाचं' म्हणाल्या, त्या दिवशी मिस्त्री मोकळेपणाने हसले. दोन दिवसांनी कात्री 'ते कचकच करतं ते' झाली, तेव्हाही हसले, पण जरा हात राखून. आठवडाभराने बाईंनी एकाच दुपारी तीनदा विचारलं, "अहो, आज रविवार का?" तेव्हा मात्र मिस्त्री हसले नाहीत.

कारण बाईंची स्मरणशक्ती ही काही ऐऱ्यागैऱ्याची नव्हे. टेलिफोन एक्सचेंजमध्ये एकतीस वर्षं त्या कानाला हेडफोन लावून बसल्या होत्या. शहरातले चारशे नंबर त्यांना तोंडपाठ होते आणि कुठल्या नंबरावर कोण कोणाशी बोलत नाही हेही. मिस्त्रींची आणि त्यांची पहिली भेट फोनवरच झाली होती. मिस्त्री तेव्हा नवीन लागलेले, एका कचेरीच्या लिफ्टमध्ये एका लोखंडी कपाटासह अडकले. लिफ्टमधला फोन उचलला तर पलीकडून आवाज आला, "घाबरू नका, माणसं निघालीत. तोवर बोलत राहा." मिस्त्री चाळीस मिनिटं बोलत राहिले. नंतर लग्न झाल्यावर ऐकत राहिले.

छत्तीस वर्षं मिस्त्रींनी लिफ्ट दुरुस्त केल्या. सगळी इमारत त्यांना लिफ्टमिस्त्री म्हणायची. मग इमारतीची लिफ्टच बंद पडली आणि लोकांनी संकोचाने नावातली लिफ्टही काढून टाकली. उरले नुसते मिस्त्री. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. चौदा महिने झाले होते. दारावर गृहनिर्माण मंडळाचा कागद चिकटवलेला होता: 'सदर उद्वाहन पुढील आदेशापर्यंत बंद ठेवण्यात येत आहे.' सहाव्या मजल्यावरचे भूगोलाचे मास्तर म्हणाले होते, "निदान मराठी तरी चालू ठेवायचं."

बिघाड किती? ब्रेकची एक कॉइल आणि तिसऱ्या मजल्याच्या दाराचा एक स्विच. मिस्त्रींच्या हिशेबाने दुपारच्या झोपेच्या वेळात होणारं काम. पण गच्चीवरच्या मशीनरूमला मंडळाने लाखेचं सील ठोकलं होतं, आणि सील तोडणं मिस्त्रींच्या रक्तात नव्हतं. 'परवानगीशिवाय हात लावू नये' ही पाटी त्यांनी स्वतः शहरभर लावली होती. आता स्वतःच्याच पाटीला ते बांधले गेले होते.

मिस्त्री रोज जिना उतरायचे, दूध-भाजी घेऊन चढायचे. बाईंच्या गुडघ्यांना एकशे दहा पायऱ्या झेपत नव्हत्या. त्या अकरा महिन्यांत खाली उतरल्या नव्हत्या. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसायची. टीव्ही होता. मिस्त्री होते. पण मिस्त्री म्हणजे एकदा विषय निघाला की तोच विषय. तोही पंचेचाळीस वर्षं ऐकलेला.

शेवटी लेकीने फोनवर विषय काढला. ती दुसऱ्या गावी असायची. "बाबा, आईने मला काल एकच गोष्ट दोनदा सांगितली. त्याच शब्दांत."

"चांगली गोष्ट असेल," मिस्त्री म्हणाले.

"बाबा."

"नेतो," मिस्त्री म्हणाले.

नेणं म्हणजे उतरवणं. त्या एकशे दहा पायऱ्यांना बरोबर पन्नास मिनिटं लागली. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने मिस्त्रींचा खांदा. चौथ्या मजल्यावर बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तिसऱ्यावर टाचणीमावशींनी दार उघडलं. या शिवणकाम करायच्या, अंगाने टाचणीसारख्याच आणि बोलायलाही तशाच. त्यांनी बाईंना पाहिलं, आत गेल्या आणि एक स्टूल आणून जिन्यात ठेवलं.

"बसा. वर्ष झालं तोंड बघून. मला वाटलं तुम्ही रुसलात."

"रुसायला खाली यावं लागतं," बाई बसत म्हणाल्या. "काय शिवताय?"

"काही नाही हो. मशीनच रुसलंय. धागा अडकतो."

"बॉबिन पाहिलंत का? कड घासली की अडकतो."

मिस्त्रींनी चमकून पाहिलं. परवा ज्या बाईला कात्री आठवली नव्हती, तिच्या तोंडून 'बॉबिन' सुळकन बाहेर आलं होतं. दुसऱ्या मजल्यावर बेकरीवाले भेटले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्यांच्या अंगाला पावाचा वास यायचा असं बाईंचं म्हणणं. ते म्हणाले, "ऑपरेटरबाई, तुम्ही इथेच आहात? मी समजलो लेकीकडे गेलात." खाली पोचेपर्यंत बाईंच्या गालांवर रंग आला होता आणि मिस्त्रींचा खांदा मोडायला आला होता.

स्मृतिचिकित्सेचा विभाग सरकारी दवाखान्याच्या मागच्या बाजूला होता. डॉक्टर तरुण होती, केस आखूड, टेबलावर अर्धवट खाल्लेलं सफरचंद. "बसा आजी," ती म्हणाली.

"मला नातवंड नाही अजून," बाई म्हणाल्या. "बाई म्हणा."

डॉक्टरने पाच शब्द सांगितले: गुलाब, पूल, चमचा, शाळा, घोडा. लक्षात ठेवायचे. मग घड्याळ काढायला लावलं. बाईंनी काढलं, वर किल्लीसुद्धा काढली. मग शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. बाई सुटल्याच. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी... डॉक्टर पाचव्या आकड्याला "पुरे" म्हणाली, पण बाई दोनवर पोचल्याशिवाय थांबल्या नाहीत. मिस्त्रींची छाती फुगली. मग डॉक्टरने विचारलं, "आज वार कोणता?"

"रविवार," बाई म्हणाल्या. होता मंगळवार.

"महिना?"

बाईंनी दोन महिन्यांपूर्वीचा सांगितला. मग पाच शब्द. बाईंनी गुलाब आणि घोडा सांगितले, थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "आणखी तीन माणसं होती, पण ती निघून गेली." खोलीत कोणी हसलं नाही. मिस्त्री आपल्या चपलांकडे पाहत राहिले.

बाईंना कान तपासायला शेजारच्या खोलीत पाठवलं तेव्हा डॉक्टर मिस्त्रींशी बोलली. सुरुवात असू शकते, म्हणाली. नक्की सांगता येत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा पाहू.

मिस्त्रींनी विचार केला. "म्हणजे दोरातल्या काही तारा तुटल्यात."

"कसला दोर?"

"लिफ्टचा. तो एकच दोर नसतो, बारीक तारांचा पीळ असतो. वय झालं की एकेक तार तुटते. आम्ही वीतभर अंतरात किती तुटल्या ते मोजतो. मर्यादेच्या आत असल्या तर लिफ्ट चालते. वर्षानुवर्षं चालते." मग जरा थांबून म्हणाले, "पण डॉक्टर, चालत्या लिफ्टपेक्षा बंद लिफ्टचा दोर लवकर गंजतो."

डॉक्टरने सफरचंद बाजूला सारलं. "किती दिवस झाले बाई घराबाहेर पडून?"

"अकरा महिने. पाचवा मजला, लिफ्ट बंद."

"तरीच. खरं सांगू? माझ्याकडे येणाऱ्या माणसाच्या रक्ताच्या रिपोर्टपेक्षा त्याचा पत्ता मला जास्त सांगतो. कुठे राहतो, कितव्या मजल्यावर, खाली बाक आहे का, बस मिळते का. शाळा किती शिकला, कोणाशी बोलतो. गोळ्या मी देईन, पण मोठं औषध हे." आणि तिने कागदावर लिहिलं: रोज घराबाहेर. रोज चार माणसांशी बोलणं. काहीतरी नवीन शिकणं. लागल्यास कानाचं यंत्र.

मिस्त्रींनी कागद वाचला. "हे पाचव्या मजल्यावर कसं घ्यायचं? जेवणाआधी की नंतर?"

"ते माझ्या हातात नाही. मी फक्त लिहून देऊ शकते."

"मग लिहा ना," मिस्त्री म्हणाले. "लिफ्ट लिहा."

डॉक्टरने त्यांच्याकडे पाहिलं. बहुधा दिवस लांबलचक गेला असावा. तिने पेन उचललं आणि खाली लिहिलं: 'लिफ्ट. दिवसातून दोन वेळा, एकदा खाली, एकदा वर.' सही केली, शिक्का मारला.

बाईंना कसंबसं वर पोचवून मिस्त्री आधी औषधाच्या दुकानात गेले, कारण चिठ्ठी नियमाने आधी तिथेच न्यायची असते. दुकानदाराने गोळ्या काढल्या, शेवटची ओळ दोनदा वाचली आणि गंभीरपणे म्हणाला, "ही आमच्याकडे येत नाही. मंडळात विचारा."

मंडळाच्या कचेरीत तीन खिडक्या फिरून झाल्यावर त्यांना एका उपअभियंता साहेबांसमोर बसवलं गेलं. साहेब पन्नाशीचे, अंगाने भरलेले. बोलायला माणूस वाईट नव्हता, पण वर्षानुवर्षं एकाच खुर्चीत बसून तिच्याच आकाराचा झाला होता. त्यांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली.

"काका, ही चिठ्ठी आहे, अर्ज नाही."

"अर्ज चौदा महिन्यांपूर्वी दिलाय. त्याला उत्तर नाही."

साहेबांनी फाइल काढली. "तुमची इमारत सहा मजल्यांची. नियम असा, की सहापेक्षा जास्त मजले असतील तर लिफ्ट ही गरज. सहापर्यंत ती सोय. गरजेची दुरुस्ती लगेच होते. सोयीची यादी असते. यादी सध्या स्थगित आहे."

"आमची सातमजली आहे."

"सहा लिहिलेत."

"तळमजला धरून सात."

"तळमजला मजल्यात धरत नाहीत, काका."

"का बरं? नावातच मजला आहे त्याच्या."

मागच्या टेबलावरची कारकून बाई टाईप करायची थांबली. "ते धोरणात बसत नाही," साहेब शेवटी म्हणाले, आणि चिठ्ठीची पोच म्हणून तिच्यावर एक शिक्का मारून दिला. मिस्त्री घरी आले तेव्हा त्यांच्या हातात दोन शिक्क्यांचा कागद होता आणि लिफ्ट जिथल्या तिथे होती.

"काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"तू सोय आहेस म्हणाले. गरज नाहीस."

"पंचेचाळीस वर्षांनी हे कळलं होय त्यांना," बाई म्हणाल्या.

रात्रभर नव्हे, पण दुपारभर मिस्त्री विचार करत राहिले आणि त्यांना टाचणीमावशींचं स्टूल आठवलं. बाईंचे गुडघे एका मजल्याच्या बावीस पायऱ्या उतरू शकत होते. एका दमात एकशे दहा नाही. म्हणजे प्रश्न लिफ्टचा नव्हता, टप्प्यांचा होता. दुसऱ्या दिवशी ते दारोदार फिरले आणि प्रत्येक मजल्यावर एक खुर्ची मागितली. मावशींनी स्टुलाच्या जागी पाठ असलेली दिली. बेकरीवाल्यांनी वेताची दिली, मधोमध बसलं तर आत जाते अशी ताकीद देऊन. मास्तरांनी एक हात मोडलेली आरामखुर्ची दिली आणि ती नेताना नुकसान होऊ नये म्हणून स्वतः तिच्याबरोबर चौथ्या मजल्यापर्यंत उतरले. बायको गेल्यापासून मास्तर दारापलीकडे आले नव्हते. त्या दिवशी ते जेवणाच्या वेळेपर्यंत चौथ्या मजल्यावरच बसले आणि जगातली सर्वांत उंच राजधानी कोणती हे येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत राहिले.

बाई रोज सकाळी दहाला निघायच्या. बावीस पायऱ्या आणि एक खुर्ची, पुन्हा बावीस आणि एक खुर्ची. खाली पोचायला दोन तास लागायचे, कारण खुर्चीत बसलं की समोरचं दार उघडायचं आणि दार उघडलं की तोंडंही उघडायची. चढणं अवघड होतं, पण चढतानाही टप्पे तेच. टाचणीमावशी बाईंना काज करायला शिकवू लागल्या. नवीन शिकायचं ते हेच, असं बाईंनी परस्पर ठरवून टाकलं. जिन्याला वाचा फुटली. पंधरवड्यात मिस्त्रींना घरात शांतता मिळू लागली आणि ती मुळीच आवडेना, म्हणून तेही जिन्यात येऊन बसू लागले.

आणि मग मंडळाचा कागद आला. जिन्यात अडथळा निर्माण केल्याबाबत तक्रारी प्राप्त झाल्या असून गुरुवारी प्रत्यक्ष पाहणी करण्यात येईल.

"लिफ्टच्या अर्जाला चौदा महिने वाचा नाही," बेकरीवाले म्हणाले, "आणि खुर्च्यांना पंधरा दिवसांत कंठ फुटला."

तक्रार कोणी केली? संशय पहिल्या मजल्यावरच्या विमा एजंटवर गेला, कारण तो खुर्च्यांच्या बाजूने जाताना नेहमी घसा खाकरायचा. टाचणीमावशींनी त्याच्याशी बोलणं टाकलं. तसं त्या आधीही बोलत नव्हत्या, पण आता ठरवून टाकलं. मिस्त्रींनी त्याला जिन्यात गाठून दोन वाकडे शब्द सुनावले. बाई या सगळ्या चर्चेत गप्प होत्या. मिस्त्रींना वाटलं, दमली असेल.

गुरुवारी अकराला साहेब आले. एकटेच, हातात मोजपट्टी आणि वही. मिस्त्री तळमजल्यावर स्वागताला उभे.

"नमस्कार साहेब. एक."

"एक काय?"

"मजला."

"काका, ते मी सांगितलंय तुम्हाला," साहेब म्हणाले आणि जिना चढू लागले. पहिल्या मजल्यावर त्यांनी खुर्चीभोवती मोजपट्टी धरली, वहीत आकडा लिहिला.

"दोन," मिस्त्री म्हणाले.

"एक," साहेबांनी दुरुस्ती केली.

दुसऱ्या मजल्यावर साहेबांनी मोजायला जरा जास्त वेळ घेतला. "बसा ना," बेकरीवाले म्हणाले. "मी पाहणीला आलोय, बसायला नाही," साहेब म्हणाले. तिसऱ्यावर ते बसले. टाचणीमावशींनी न विचारता पाण्याचा पेला आणला आणि त्यांच्या सदऱ्याच्या सुटलेल्या बटणाकडे बघत म्हणाल्या, "सदरा काढून द्या, उतरताना घेऊन जा." साहेब नको नको म्हणत राहिले. चौथ्यावर मास्तर होते. त्यांनी आरामखुर्ची मोकळी करून दिली आणि साहेबांना उंचीवर हवा विरळ का होते ते समजावलं. साहेबांनी गळ्याचं बटण काढलं. त्यांच्या कपाळावरून घाम वहीवर टपकत होता आणि 'अडथळा' या शब्दाची शाई पसरली होती.

"पाच," मिस्त्री हळूच म्हणाले. साहेबांनी हाताने खूण केली. दुरुस्ती करायला श्वास उरला नव्हता.

सहाव्या मजल्यावर पोचले तेव्हा साहेब कठड्याला धरून बराच वेळ उभे राहिले. तिथे खुर्ची नव्हती. मास्तरांची चौथ्यावर गेली होती. ते पायरीवरच बसले. वर गच्चीच्या दाराकडे, मग खाली जिन्याच्या पोकळीत बघितलं.

"सात," साहेब स्वतःच म्हणाले.

मिस्त्रींनी त्यांना पाचव्यावर आपल्या घरी आणलं. बाईंनी पंखा लावला, चहा ठेवला, बिस्किटं काढली. साहेब शांत झाल्यावर बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "साहेब, आज वार कोणता?"

"बुधवार," साहेब म्हणाले.

"गुरुवार," बाई म्हणाल्या. आज त्यांना माहीत होतं, कारण गुरुवार म्हणजे साहेब. त्या मिस्त्रींकडे बघून म्हणाल्या, "यांनाही लिफ्ट लिहून द्या म्हणावं डॉक्टरला."

साहेब पहिल्यांदाच हसले. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी वही उघडली. "काका, खरं सांगायचं तर एका तक्रारीवर आम्ही येत नाही. माणसं कमी आहेत. एकाच ठिकाणाहून तीन तक्रारी आल्या तर पाहणी सक्तीची होते. तुमच्या इथून आल्या. सहा तारखेला, आठला आणि नऊला. फोनवर. एकाच बाईंचा आवाज, आणि आमची फोनवरची मुलगी म्हणाली की एवढं स्पष्ट बोलणारं माणूस तिने आजवर ऐकलं नव्हतं."

मिस्त्रींनी वळून बायकोकडे पाहिलं.

"मी केला फोन," बाई म्हणाल्या. "तुम्ही अर्ज करता. अर्जाला कोण येतं? तक्रारीला येतात. एकतीस वर्षं ऐकलंय मी, कोण कशाला धावतं ते." त्या खूश होत्या. मग म्हणाल्या, "पण एकदाच केला."

साहेबांनी वहीकडे पाहिलं. मिस्त्रींनी वहीकडे पाहिलं. बाईंनी दोघांकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू जागेवरच थांबलं.

"एकदाच केला ना हो मी?" त्यांनी मिस्त्रींना विचारलं.

छत्तीस वर्षांत अडकलेल्या कित्येक माणसांशी ते दाराच्या फटीतून बोलले होते, धीर दिला होता. आता त्यांनी नुसती आपली कपबशी सरळ केली.

"तीनच लागतात, काकू," साहेब म्हणाले. "दोन झाले असते तर मी आलो नसतो." आणि त्यांनी वही मिटली.

बाईंनी उठून साहेबांच्या बशीत आणखी दोन बिस्किटं ठेवली. "मग बरंच झालं म्हणायचं," त्या म्हणाल्या, पण आवाज लहान होता. त्या दिवशी त्या जिन्यात गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दहा वाजता मिस्त्रींनी चपला आणून त्यांच्यासमोर ठेवल्या. बाईंनी चपलांकडे पाहिलं, मिस्त्रींकडे पाहिलं. "विमावाल्याची माफी मागितलीत का?" त्यांनी विचारलं. मिस्त्रींनी नकारार्थी मान हलवली. "चला मग, दोघं जाऊ," बाई म्हणाल्या आणि चपला घातल्या. विमा एजंटने माफी स्वीकारली आणि वर दोघांना एका योजनेची माहितीपत्रकं दिली.

साहेबांनी अहवालात काय लिहिलं ते मिस्त्रींना नंतर कारकून बाईने सांगितलं. खुर्च्या काढाव्यात, त्याऐवजी भिंतीला लागून दुमडणाऱ्या बैठका बसवता येतील. रहिवाशांना जिना चढणं कठीण आहे. पाहणी अधिकाऱ्यालाही कठीण गेलं. प्रत्यक्ष मोजणीनुसार इमारतीस सात मजले आढळले. वरच्यांनी शेरा मारला: तळमजला धरण्याची पद्धत नाही. साहेबांनी उलट टपाली लिहिलं: मग तळमजल्याच्या दारावर मंडळाने 'मजला क्रमांक शून्य' असं का रंगवलं आहे, शून्य हाही क्रमांकच आहे. यावर वर बराच खल झाला म्हणे. चार महिन्यांनी सील निघालं.

ठेकेदाराची दोन माणसं आली. मिस्त्री मशीनरूमच्या दाराशी बसून राहिले, अजिबात मध्ये बोलायचं नाही असं ठरवून. फक्त अकरा सूचना केल्या. दुमडणाऱ्या बैठका मात्र त्यांनी स्वतः बसवल्या, बिजागऱ्यांना तेल घालून, एकही कुरकुरणार नाही अशा. लिफ्ट सुरू झाली त्या दिवशी लोक विनाकारण वरखाली करत होते. मास्तर थेट रस्त्यावर गेले, दहा मिनिटं उभे राहिले आणि परत येऊन म्हणाले, "हा रस्ता एकेरी कधी झाला?"

बाई पहिल्यांदा लिफ्टने खाली गेल्या आणि नाराज होऊन वर आल्या. "एवढीशी पेटी. कोणी भेटत नाही त्यात." तेव्हापासून त्या उतरतात जिन्याने, चढतात लिफ्टने. डॉक्टरच्या चिठ्ठीत अर्धा बदल त्यांनी आपल्या अधिकारात केला.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. बाईंनी वार बरोबर सांगितला, महिना चुकला. पाचातले तीन शब्द सांगितले. मिस्त्री डॉक्टरच्या तोंडाकडे टक लावून बसले होते.

"एवढ्यावरून फार काही बोलता येत नाही," डॉक्टर म्हणाली. "पुढे काय होईल तेही सांगता येत नाही. पण घसरलेलं नाही."

मिस्त्रींना आणखी काहीतरी हवं होतं. ते नव्हतं. डॉक्टरने सांगितलं की तिने यानंतर आणखी चौघांना लिफ्ट लिहून दिली आणि एकाला बाक. लिफ्टचे चारही कागद परत आले, बाक मात्र मिळाला.

घरी परतल्यावर बाई लिफ्टने पाचव्यावर न जाता तिसऱ्यावर उतरल्या. तिथे मंडळी जमलेली होती. टाचणीमावशी, बेकरीवाले, मास्तर, आणि माहितीपत्रकं घेऊन विमा एजंटही. बाईंनी आपल्या बुटांकडे बोट दाखवलं. लेकीने नवीन पाठवले होते, चालायचे.

"हे बघा, याचं ते निघालंय. नाडीच्या टोकाला असतं ते. काय म्हणतात त्याला?"

"टोपण," बेकरीवाले म्हणाले.

"टोपण पेनाचं," टाचणीमावशी म्हणाल्या. "नळी म्हणतात."

"नळी नव्हे, चाप," विमा एजंट म्हणाला.

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी डोळे मिटले, उघडले. "शब्द आहे," ते म्हणाले. "निश्चित आहे. जिभेवर आहे."

अर्धा तास झाला. बाईंच्या मांडीवर बूट होता आणि चार माणसं त्या नाडीच्या टोकावरून हमरीतुमरीवर आली होती. कोणालाच तो शब्द येत नव्हता. बाई एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या आणि त्यांचे खांदे हसण्याने हलत होते. मिस्त्री भिंतीला टेकून उभे राहून त्यांच्याकडे बघत होते. शेवटी मास्तर तडक उठले, शब्दकोश आणतो म्हणाले आणि सहाव्या मजल्यावर जायला त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं.